माझ्या नावाने माफी मागू नये

मी, अर्जुना बिराप्पा मेटकरी, वय अडुसष्ट, धंदा मेंढरं व थोडी शेती, राहणार येळवस्ती, तालुका आटपाडी, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र लिहवून ठेवतो. गुडघे गेलेत, डोकं ठिकाणावर आहे. जमातीच्या पंचांना तसं वाटत नाही, त्यांचं त्यांच्यापाशी.

१. घर व विहिरीकडचं रान मुलगा बिरदेव याचं. मात्र बायको सुलाबाई हयात आहे तोवर घराची मालकीण तीच.

२. मेंढरांचे दोन सारखे वाटे करावेत. एक बिरदेवचा, एक मुलगी मंगलचा. तिच्या वाट्याला कोणी हरकत घेऊ नये. विधवा झाल्यावर तिने पलूसच्या ज्योतिबा गवंड्याशी लग्न केलं. तो आमच्या जातीचा नाही. मी अक्षता टाकल्या, म्हणून जमातीने मला वाळीत टाकलं. बिरोबाच्या जत्रेत, ढोलावरचा आमचा गजीनाच रंगात आलेला असताना, पंच नाथाजीने माझ्या गळ्यातला ढोल उतरवला.

"अर्जुना, आजपासनं तू आमचा न्हाईस."

मी म्हणालो, "ढोल घ्या. धनगरपण कसं काढून घेणार? ते काय गळ्यात अडकवलेलं न्हाई."

घरी आल्यावर मात्र अवघड गेलं. जन्मभर 'आमी' म्हणत आलो होतो, 'मी' म्हणायला जीभ वळेना. पुढच्या जत्रेला नवा ढोल घेतला आणि देवळाबाहेर रस्त्यावर उभा राहून वाजवला. आत नाचणाऱ्यांचे पाय माझ्याच ठेक्यावर पडत होते.

३. तो ढोल मंगलचा. बाईमाणसाने ढोल वाजवू नये म्हणणाऱ्याने आधी तिचा हात ऐकावा.

४. बिरदेवच्या मुलीचं लग्न ठरायचं आहे. मेलेल्या बापाच्या वतीने मुलाने माफी मागितली की पंच घर जातीत घेतात. बिरदेव, तू तुझ्यापुरती माग. पोरीचं बघावंच लागतं, मी रागावणार नाही. पण माझ्या नावाने मागायची नाही. मी चुकलेलो नाही. खांदा द्यायला कोणी अट घातली, तर जावयाने आपले गवंडी आणून मला उचलावं.

५. दस्तलेखकाने विचारलं, "तुम्हाला वाळीत टाकलंय, मग जात काय लिहू?" धनगर लिहा. ठळक लिहा.

ठिकाण: येळवस्ती. तारीख: १२ मार्च १९९६.

अर्जुना बिराप्पा मेटकरी (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
१. दादासो रामू माळी (सही)
२. भाऊसो सिदू मेटकरी (सही)

सह्या झाल्यावर लिहवून घेतलं: भाऊसो आमच्या जमातीचा. माझ्याशी बोलायची त्याला बंदी आहे. तो बोलला नाही. भर दुपारी नाथाजीच्या दारावरून चालत आला, सही केली, आणि उठून न जाता माझ्या शेजारी बसून राहिला.