एक्केचाळीस तोतये

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार, वाकून आणि थोडं अंतर राखून.

गुडघा कसा आहे? जिने टाळतेस ना? (बत्तीस वर्षं हॉस्पिटलातल्या नर्सेसची प्रमुख होतीस, तुला मी गुडघ्याबद्दल सांगणं म्हणजे अतीच झालं, पण कुठून तरी सुरुवात करायला हवी.) इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या निरोप समारंभापासून तू माझ्याशी बोलत नाहीस, त्या विषयाकडे येतोच. आधी सर्व्हरचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या व्याख्यान मंडळाचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे. कार्यालयात कपबशांच्या कपाटाखाली तो घूं घूं करत असतो. दोन महिन्यांपूर्वी अध्यक्षांच्या नावानं सगळ्या सभासदांना केस उगवण्याच्या तेलाची जाहिरात गेली. अध्यक्षांच्या डोक्यावर एक केस नाही. बैठकीत कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट वाटलं. मी उठलो आणि पंचवीस मिनिटं बोललो. ज्या संस्थेला स्वतःचं नाव राखता येत नाही तिनं विचारस्वातंत्र्याच्या गप्पा मारू नयेत, असा मुद्दा होता. टाळ्या पडल्या. मग अध्यक्ष म्हणाले, "चिटणीस, बोललात तसं आता करूनही दाखवा."

मी चारशे पानांचं पुस्तक आणलं आणि समासात शेरे मारत वाचून काढलं. (लेखकाला प्रास्ताविक जमत नाही.) आधी कचरा मेल अडवणारा फिल्टर बसवला. तो प्रत्येक पत्राला गुण देतो. चाचणी म्हणून मी आमच्या वार्षिक सभेचं निमंत्रण त्यातून पाठवलं. विषय होता 'शेवटची संधी: आता तरी जागे व्हा'. नऊ गुण मिळाले. तेलाच्या जाहिरातीला तीन. हे गुण दहापैकी आहेत असं समजून मी दोन दिवस आनंदात होतो. मग सर्व्हरची देखभाल करणारी मुलगी आली आणि म्हणाली, "सर, पाचच्या वर गेलं की तो कचरा धरतो." मी शैली बदलली नाही. यंत्रापुढे वाकलेली भाषा पुन्हा सरळ होत नाही.

दुसरं काम नाव राखण्याचं. मंडळाच्या नावानं कोणत्या मशीनवरून पत्र निघू शकतं त्याची यादी जाहीर करायची, निघणाऱ्या प्रत्येक पत्रावर सर्व्हरची मोहर उठवायची, आणि यादीबाहेरचं बिनमोहरेचं पत्र आलं तर त्याचं काय करायचं याचा हुकूम जगभरच्या सर्व्हरांसाठी लावून ठेवायचा. नुसतं बघा, बाजूला ठेवा, किंवा दारातून परत पाठवा. मुलगी म्हणाली, "महिनाभर नुसतं बघा. आपलीच पत्रं कुठून कुठून जातात ते आधी कळू दे." मी सांगितलं की नुसतं बघत बसणाऱ्यांनीच जगाचा इतिहास नासवला आहे. ती म्हणाली, "इतिहासाचं माहीत नाही सर, पण मेल अडकतील." मी 'परत पाठवा' लावलं. यादीत एकच मशीन, कपाटाखालचं. अपवाद नाही.

दूरदूरच्या सर्व्हरांकडून अहवाल येऊ लागले. पाच आठवड्यांत मंडळाच्या नावानं आलेली एक्केचाळीस पत्रं दारातून हाकलली गेली. तोतयेगिरी एवढी बोकाळली होती हे मलाही ठाऊक नव्हतं. मागच्या गुरुवारी मी कार्यकारिणीपुढे हा आकडा ठेवला आणि शत्रू किती चिवट आहे यावर चाळीस मिनिटं बोललो. मागे बसलेल्या त्या मुलीनं मध्येच माझ्या घरी फोन लावला, तुझ्या भावजयीला कॉम्प्युटरवर एक पान उघडायला लावलं, तिच्याकडून आमच्या घरच्या इंटरनेटच्या पत्त्याचे आकडे वाचून घेतले आणि अहवाल माझ्यासमोर सरकवला. हाकललेली पत्रं जिथून निघाली होती, तिथले आकडे तेच होते.

मी रोज सकाळी घरून, मंडळाच्या पत्त्यानं, पत्रं लिहितो. ती कपाटाखालून जात नाहीत. एक्केचाळीसही तोतये मीच. पत्र परत आल्याच्या सूचना कार्यालयात येत होत्या, पण त्यांना माझा मजकूर जोडलेला असल्यामुळे फिल्टरनं त्या कचऱ्यात टाकल्या. भाषण मी पूर्ण केलं. (शेवट बदलला.)

म्हणून हे पत्र हातानं लिहून पोस्टात टाकतो आहे. प्रकृतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. परत गेलेल्यांपैकी सतरावं पत्र तुला होतं. तीन तारखेचं. त्यात मी माफी मागितली होती. तुझ्या निरोपाला मी 'सेवा' या विषयावर एक तास पन्नास मिनिटं बोललो. तू बोलायला उभी राहिलीस तेव्हा ड्युटी बदलायची वेळ झाली होती, तुझ्या सगळ्या मुली वॉर्डात पळाल्या आणि तू हातातला कागद खुर्च्यांना वाचून दाखवलास. तेव्हा मी पाणी पीत होतो.

ता. क. २. तुझं उत्तर येईना म्हणून एकवीस तारखेला मी दुसरं पत्र लिहिलं. "हुकूम सोडून सोडून तुझे कान गेले, दुसऱ्याचं ऐकून घ्यायची तुला सवय नाही," वगैरे. ते नेमकं कार्यालयातून पाठवलं, त्यामुळे यादी, मोहर, सगळं चोख होऊन पोचलं. "पत्र मिळालं. मजकूर समजला," एवढंच तू कळवलंस. त्या पत्रावरची मोहर खरी आहे, मजकूर खोटा आहे. माफीचं नेमकं उलट.

ता. क. ३. माफीची प्रत सोबत आहे. अकरा पानं होती, कमी करायला बसलो आणि तेरा झाली. पहिलं पान वाचलंस तरी पुरे.

ता. क. ४. मंडळाचं पुढच्या महिन्याचं व्याख्यान रिकामं आहे. ये, आणि तो कागद घेऊन ये. तुझ्या मुलींपैकी नऊ जणींना त्या दिवशी सुट्टी आहे, मी हॉस्पिटलात जाऊन विचारून आलो. मी मागच्या रांगेत बसेन. प्रास्ताविक ती सर्व्हरवाली मुलगी करेल.

ता. क. ५. आभार दोन मिनिटं मी मानले तर चालेल का?