पाणी एकदाच

सीपरी बाज़ार, झाशी
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप दादांस,

बकुळाचा जय ख्रिस्त. आम्ही इकडे सगळे मजेत. संतोषची बबिन्याच्या छावणीत रोजची ये-जा चालू आहे आणि अमोघ दहावीच्या अभ्यासाचं नाटक छान वठवतो आहे. वहिनींचा गुडघा कसा आहे? अनुयाच्या लग्नाची खरेदी कुठवर आली?

झालं विचारून! आता मला धीर निघत नाही. दादा, तारीख ठरली! रविवार, २३ नोव्हेंबर, ख्रिस्तराजाचा सण. भर मिस्सेत, सगळ्या चर्चसमोर बिशपस्वामी माझं नाव पुकारणार, मी उठून "उपस्थित हूँ" म्हणणार आणि ते माझ्या हातात क्रूस देणार. मग मी या धर्मप्रांताची रीतसर नेमलेली धर्मशिक्षिका! आम्ही पाच जण आहोत, त्यात बाई मी एकटी. कळलं त्या दिवशी सदर बाज़ारातून पेढे आणले आणि हॉस्पिटलमध्ये माझ्या आख्ख्या वॉर्डात वाटले. आमची आया म्हणते, "काय सिस्टर जी, तरक्की हो गई का?" म्हटलं, हो गई! ती बिचारी मला मेट्रन समजून दोन दिवस सलाम ठोकत होती.

हे तुम्हाला फोनवर सांगायला गेले, तर तुम्ही म्हणालात, "बाईनं पोरांना शिकवावं. वेदीपाशी तिचं काय काम?" आणि फोन ठेवलात. नंतर तीनदा लावला, उचलला नाहीत. म्हणून हे पत्र. तुम्ही मास्तर आहात. हातात आलेला कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तुम्हाला राहवणार नाही, भले तांबड्या पेनाने चुका काढत वाचा.

घाबरू नका, मी फादर होत नाहीये. ते दार बायकांना बंद आहे, आणि त्यावर माझं म्हणणं काय आहे ते समोर बसून भांडू. हे दुसरं दार. चार वर्षांपूर्वी रोमने उघडलं, बाई आणि पुरुष दोघांसाठी. इथले आमचे फादर कुशल वर्षभर आमचा वर्ग घेत होते. एकदा मी विचारलं, "फादर जी, हमें ये अधिकार मिलता कहाँ से है?" ते म्हणाले, "बपतिस्मा से, बहन जी. बिशप स्वामी तो बाद में आते हैं." मी त्या दिवशी स्कूटर वर्गाबाहेरच विसरून ऑटोने घरी आले.

आता मागणं. बाबांचा क्रूस घेऊन या ना! तोच, बाभळीचा, मेणबत्तीने एका बाजूला काळा पडलेला. घरचा क्रूस असला तर तोच देऊ, असं फादर म्हणाले आहेत. फादर गावात येत नसत त्या रविवारी बाबा त्याच्यासमोर सगळ्या गावाची प्रार्थना घ्यायचे आणि त्यांच्यामागे तीस वर्षं तुम्ही घेता आहात. तुम्हाला मात्र असं नाव पुकारून कुणी कधी वेदीसमोर उभं केलं नाही. दादा, तुम्ही फोन का ठेवलात ते मला कळतं. मी बाई आहे एवढंच त्याचं कारण नाही. मला तुमच्यासाठी वाईट वाटतं, आणि म्हणूनच तो क्रूस तुमच्याच हातून यायला हवा आहे.

झेलम एक्सप्रेस थेट इथे येते. तिकिटावर नुसतं झाशी शोधत बसू नका, स्टेशनच्या नावात आता आधी वीरांगना लक्ष्मीबाई आहे. वेदीपाशी बाई नको म्हणता, आणि उतरायचं मात्र बाईच्याच नावाच्या स्टेशनात!

मंगळवार, दुपार

काल इथेच पेन ठेवलं. पाकीटसुद्धा चिकटवणार होते. पण जे लिहायला बसले होते तेच राहिलं होतं.

ऑगस्टमध्ये आमच्या वॉर्डात इथल्या आमच्याच चर्चमधल्या एका रेल्वेवाल्याचं बाळ आलं. सातव्या महिन्याचं, काचेच्या पेटीत. एका दुपारी त्याचा श्वास अडखळायला लागला. फादर ललितपूरला गेले होते. बाप हात जोडून म्हणाला, "सिस्टर जी, आप ही कर दीजिए." मी सिरिंजमध्ये इंजेक्शनचं पाणी घेतलं, पेटीच्या खिडकीतून हात घातला आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हणत त्याच्या डोक्यावर पाणी सोडलं. दादा, बाळ जगलं! परवाच्या रविवारी त्याला चर्चमध्ये आणलं. फादर कुशल सगळ्यांसमोर म्हणाले, "पानी हो चुका है. सिस्टर जी के हाथ से हुआ, और पक्का हुआ. अब सिर्फ़ तेल, सफ़ेद कपड़ा और मोमबत्ती." पाण्याच्या भांड्याला त्यांनी हातही लावला नाही. नोंदवहीत बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.

मला रडू आवरेना. लोकांना वाटलं, आनंदाने रडते आहे. मला आठवत होती आपली अनुया.

दादा, ती जन्मली तेव्हा वहिनींना सातवाच लागला होता. तुम्ही सायकल काढून मिशनमध्ये फादरांना आणायला गेलात. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची, सुट्टीवर आलेली. पोर निळी पडली होती, आवाज नव्हता. मी तोंड साफ केलं, पाठ चोळली, काही होईना. वहिनी म्हणाल्या, "बकुळाताई, फादरांची वाट नका बघू." मी तांब्या उचलला.

मला कुणी शिकवलं होतं, आठवतं? तुम्ही! मी दहा वर्षांची होते. वर्गात टेबलावर लाल भोपळा ठेवून तुम्ही सांगितलंत की अडीअडचणीला बाप्तिस्मा द्यायचा तर पाणी डोक्यावरून वाहिलं पाहिजे, शब्द तेच हवेत आणि चर्चचा जो हेतू तोच मनात हवा. मग फादर नसले तरी चालतं. आम्ही पाळीपाळीने भोपळ्यावर पाणी ओतलं. मी विचारलं, "मुलीनं दिला तर?" तुम्ही म्हणालात, "तरी लागतो. आणि एकदा लागला की पुन्हा द्यायचा नाही."

अनुया पाणी पडताच रडली. काय आवाज होता तो! मी आणि वहिनी दोघी हसत होतो, रडत होतो.

फादर भेटले नाहीत म्हणून तुम्ही एकटेच परत आलात. पोर जिवंत बघून गुडघ्यांवर बसलात आणि नवस बोललात, की हिचा बाप्तिस्मा फादरांच्या हातून, गावजेवण घालून करीन. वर म्हणालात, "बरं झालं, घाईत कुणा बाईनं काही करून ठेवलं नाही." त्या एका वाक्यावर आमच्या दोघींची तोंडं बंद झाली. दोन महिन्यांनी चर्चच्या दारात फादरांनी विचारलं, "घरी कुणी पाणी दिलंय का?" तुम्ही मोठ्याने म्हणालात, "नाही फादर, कुणी नाही." मी तुमच्या मागेच मेणबत्ती धरून उभी होते आणि गप्प राहिले. बाप्तिस्म्यावर बाप्तिस्मा होऊ दिला. ते पाप माझं आहे, वहिनींवर रागावू नका. मी आत्ता ते कबूल करून आले आहे.

फादर कुशल म्हणाले, अनुयाच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरची तारीख खरी नाही, लग्नाआधी दुरुस्त करून घ्या. त्यासाठी वहिनींची आणि माझी सही लागेल. पण ती कागदाची गोष्ट झाली. मी ठरवलंय की तुम्हाला हे सांगितल्याशिवाय २३ तारखेला नाव पुकारलं तरी उठायचं नाही. आता सांगितलं. दादा, बावीस वर्षांनी इतकं हलकं वाटतंय की गच्चीवर जाऊन ओरडावंसं वाटतंय! माझ्या हातून लागला होता! तुम्ही शिकवलेला तुमच्याच लेकीला लागला होता!

तुमचा नवस मी मोडला असं वाटलं तर तसं म्हणा, मी ऐकून घेईन. क्रूस आणावासा वाटला नाही तर नका आणू, मी चर्चचा घेईन. पण तुम्ही या. आणि येण्याआधी अनुयाला तुमच्या तोंडून सांगा, की तिला पहिलं पाणी कुणी दिलं.

तुमच्या वर्गात भोपळ्यापाशी प्रश्न विचारणारी,
अनुयाला बाप्तिस्मा देणारी,
तुमची धाकटी
बकुळा