पालखीच्या फोटोमागे गेलेला मेनू

९ फेब्रुवारी २००३, रविवार

हेमा माहेरी, गुहागरला निघून गेली त्याला आठवडा झाला. कारण अगदी क्षुल्लक. मी भाताचा कुकर खिडकीतून फेकला. खिडकी उघडी होती, हे मात्र ती कुणालाच सांगत नाही.

तिची अट: शिमग्यापर्यंत घरात काही फेकलं नाही, आपटलं नाही, फोडलं नाही, तर परत येईन. माझ्यासारख्या मुळात शांत माणसाला हे काही अवघड नाही.

संकल्प: मन शांत ठेवणारं काम घ्यायचं. गावच्या देवस्थानाची वेबसाइट करणार. शिमग्याला देवळात उद्घाटन. मुंबईकर खूश, हेमाही थक्क.

१२ फेब्रुवारी

होमपेज झालं. मधोमध पालखीचा मोठा फोटो. वर बटणं. 'मानकरी'वर माउस नेला की खाली पाचही मानाच्या घरांची नावं उतरायला हवीत. याला ड्रॉपडाउन मेनू म्हणतात. वेबसाइट शिकवणाऱ्या पुस्तकात अर्ध्या पानाचं काम. जेवणाआधी उरकेल.

१३ फेब्रुवारी

उरकलं नाही. जेवणही नाही.

यादी खाली येते, पण तिच्यावर माउस न्यायला जावं तर पळते. बटण आणि यादी यांच्यामध्ये केसभर फट आहे. माउस त्या फटीत आला की यादी गायब. हे मुद्दाम चाललंय.

माउस फुटला. मी फेकला नाही. वायरला जरा हिसका दिला, भिंतीकडे तो स्वतःहून गेला. शिवाय कॉम्प्युटरचं सामान घरातल्या वस्तूंत धरत नाहीत.

शेजारच्या सोनूबाईंनी कुंपणावरून विचारलं, काय रे मेल्या, आज काय फुटलं? म्हटलं, नारळ.

२० फेब्रुवारी

फट बुजवली! नवा माउस. नावांना हळदीचा पिवळा रंग, वर माउस गेला की कुंकवाचा लाल. इतका देखणा मेनू उभ्या रत्नागिरीत नसेल.

एकच किरकोळ अडचण. यादी आता पालखीच्या फोटोच्या मागे जाते. पहिलं नाव दिसतं, बाकी चार फोटोखाली गुडुप. पुस्तक म्हणतं, झेड-इंडेक्स वाढवा, म्हणजे कोण कुणाच्या वर दिसणार त्याचा आकडा. दहा केला, हजार केला, शेवटी नऊ लाख केला. यादी ढिम्म.

खुर्चीचा पाय गेला. खुर्ची जुनीच होती.

२३ फेब्रुवारी

हेमाचा फोन. सोनूबाईंकडून काहीबाही कानावर आलंय म्हणाली. मी अत्यंत थंड डोक्याने सांगितलं की ती बाई खोटारडी आहे. मग फोन ठेवला. जरा जोरात ठेवला गेला. आता डायल टोन येत नाही.

३ मार्च

चुलतभाऊ महिपत येऊन गेला. त्याचं घर पहिल्या मानाचं, होळीचा पहिला नारळ त्यांचा. आमचं घर चौथं. नावं मानाप्रमाणेच लावलीस ना रे, असं दोनदा विचारलं. लावलीत म्हटलं.

वास्तविक सध्या आमचं नाव वर आहे. चाचणीपुरतं. एकच नाव दिसणार असेल, तर ते माझं दिसलं म्हणून कुणाचं काय बिघडतं? हेमाला बघून बरं वाटेल. उद्घाटनाआधी बदलीन.

१० मार्च

पुस्तक फाडलं. चुकीचं होतं. टीव्हीची काचही गेली. टीव्हीने काही केलं नव्हतं, हे मान्य. पण महिनाभर एकाही माणसावर हात टाकला नाही. याला संयम म्हणतात.

१५ मार्च

फोटो लहान केला तर यादी दिसेल, हे सुचलं. पण देवाची पालखी लहान करणारा मी कोण? नावांचा क्रम बदलायला बसलो आणि लाइट गेली. सकाळी उठून बदलीन.

१६ मार्च, रविवार

उठायला उशीर झाला.

कॉम्प्युटर टेम्पोतून देवळात नेला. सभामंडपात सगळा गाव. हेमा आपल्या भावाबरोबर, गुरुप्रसादबरोबर, आली होती. बायकांत बसली होती. बारीक झाली आहे. माझ्याकडे बघून थोडी हसलीही.

महिपतने नारळ फोडला, माउस धरला, 'मानकरी'वर नेला. मेनू झोकात उतरला. पिवळाधमक. नाव एकच, आमचं.

महिपत म्हणाला, आमचं घर कुठं घातलान ह्यान? मी शांतपणे सांगितलं, फोटोच्या मागे आहे. तो म्हणाला, म्हणजे आम्ही पालखीच्या मागं नि तू देवाच्या डोक्यावर? मी झेड-इंडेक्स समजावू लागलो. त्याने वायर उपटली.

मग कीबोर्ड माझ्या हातात होता आणि महिपतच्या डोक्यात होता. मधलं आठवत नाही. बटणं गाभाऱ्यापर्यंत उडाली. त्याच्या भावांनी मला खांबाशी धरून तुडवलं, आमच्या वाडीने त्यांना तुडवलं, ढोल फुटला. महिपतला टाके पडले. माझा एक दात गेला. पहिला हात माझा, पण पहिला शब्द त्याचा. हे हेमाने पाहिलंच असेल.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी दारात हेमा! बरोबर गुरुप्रसाद. मला भरून आलं. ताबडतोब मुद्दा मांडला की रविवारचं देवळात झालं, घरात नव्हे, तेव्हा अट शाबूत आहे.

ती आत आली. घरभर फिरली. टीव्ही पाहिला, फोन पाहिला. मग कपाटातल्या साड्या बॅगेत भरू लागली.

मी म्हटलं, तुझ्यावर मी आजवर कधी हात उगारला का, सांग. ती म्हणाली, नाही उगारलात. आधी ताटं झाली, मग कुकर, खुर्ची, टीव्ही. परवा माणूस झाला. आता पुढे कोण, ते मला कळतंय हो.

सबंध वेळ गुरुप्रसाद आमच्या दोघांच्या मध्ये उभा. फडताळावरचा तांब्या घ्यायला मी हात वर केला.

हेमाने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि खाली बसली.

मला फक्त पाणी हवं होतं.