बाळंतिणीच्या खोलीतली हवा

प्रिय आरू,

जावईबापूंचा निरोप पोचला. बाळंतपण लोणावळ्यातच करायचं, इकडच्या घरात धूर फार, असं तू ठरवलंस म्हणे. पहिलं बाळंतपण, आणि माहेरी नाही! चार दिवस मी नुसती भांडी आपटली. तुझे बाबा म्हणाले, भांड्यांनी काय घोडं मारलंय? फोनवर बोलले असते तर भांडलेच असते, म्हणून लिहिते.

त्यातच पुण्याहून यशोधरा नावाची कॉलेजातली पोरगी अभ्यासासाठी आली. आपल्या आंदर मावळात घरोघरी विचारत हिंडत होती, घरात उकडतं का, गारठतं का, हवा कशी वाटते. मला हसूच आलं. हवा ती हवा, तिचं काय वाटायचं? मी छातीठोक सांगितलं, आमची हवा एक नंबर. बाबांनी पत्र्याचं गाऱ्हाणं लावलं, की कौलं काढल्यापासून दुपारी घरात भाकरी भाजून निघेल. धुराबद्दल मात्र तक्रारीचा चकार शब्द नाही. उलट धूर आहे म्हणून माळ्यावरच्या भाताच्या बियाण्याला कीड लागत न्हाई, असं त्यांनी तिलाच ऐकवलं.

मग ती म्हणाली, उद्या हवा मोजायची डबी आणते, हवा वाईट असली की लाल दिवा लागतो. आता हवा बघायला पाहुणी येणार म्हटल्यावर घर नीट नको? मी सारवलं, आणि हवा चांगली दिसावी म्हणून गोवरीवर मूठभर धूप-ऊद जाळला. दुसऱ्या दिवशी ती आली, तर डबीवरचा आकडा असा चढला की पोरीला वाटलं डबीच बिघडली. कारण कळल्यावर दोघी पोट धरून हसलो.

पण मला नादच लागला बघ. डबी तिनं आठवडाभर ठेवली होती, ती घेऊन मी घरभर हिंडले. गोठ्यात हवा चांगली, म्हशीची चैन आहे! चुलीपाशी लाल. मग तुझ्यासाठी तयार केलेल्या आतल्या खोलीत नेली. वारा लागू नये म्हणून झरोका चिंध्यांनी बुजवलाय. रीतीप्रमाणे बाजेखाली शेगडी ठेवली, ओवा-बाळंतशेपांची धुरी दिली, दार ओढलं. लाल दिवा काही केल्या विझेचना. मला तो वास लय मायेचा वाटतो गं. पण हे सगळं त्या इवल्याशा छातीत जाणार, म्हणून शेगडी उचलून बाहेर नेली.

चूल पडवीत नेली, झरोका मोकळा केला, डबी शांत झाली. पण तुझे दिवस भरायचे ऐन पावसात. झरोका उघडा ठेवावा तर ओल आणि गारठा, बुजवावा तर धूर. बाळाला कुठलं सोसेल? मला काही तोड सापडली नाही.

म्हणून हे पत्र. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पिऊ नये, हा आपल्याकडचा नेम. तीन वर्षं तुझ्या दारातून मी तशीच तहानलेली परत फिरले. आता तो नेम मी मोडणार. बाबांना सांगितलं, त्यांनी माझी पिशवी खुंटीवरून काढून दिली, म्हणजे व्हय. सोमवारच्या एसटीनं येते, शेगडी न घेता. बंद खिडक्यांत तू डासांची कॉइल लावतेस, तेही बघायचंय मला. बाळंतपण तुझ्याच घरी करू. पोचले की आधी तांब्याभर पाणी दे.

तुझीच, अजून थोडी रुसलेली,
आई