लेकीने शिकवलेली छाटणी

सोमवार, १९ जानेवारी

सप्रेम नमस्कार,

ठकी काल संध्याकाळच्या बसने निघाली, सुखरूप पोचली असेलच. इथे थंडी नुसती मी म्हणतेय. माझी तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या वेळेपासूनच कुरकुऱ्या.

ती कशासाठी आली होती, ते तुला ठाऊक आहे. घरामागच्या तुकड्यात मी सफरचंदाची झाडं लावली, त्याला आता तिसरं वर्ष. छाटायला हवीत असं जो तो म्हणतो, आणि मला तर पेन्सिलीला टोकही धड करता येत नाही. फोनवर ठकी म्हणाली, "मी शिकवते." मी हरखलो. लेक बापाला शिकवणार!

शनिवारी सकाळी गवतावर गोठलेलं पांढरं दहिवर. "ते वितळल्याशिवाय कात्री लावायची नाही," तिने बजावलं. मग चहा पिऊन आम्ही बाहेर. एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांतली एक काढायची. मधला शेंडा जपायचा, त्याच्या जिवावर झाड सरळ वाढतं. आणि जिथून कोंब फुटतो तो डोळा बाहेरच्या बाजूला बघणारा निवडून, त्याच्या जरा वर तिरका काप द्यायचा. किती छान समजावते गं ती!

"कुठे शिकलीस हे?" मी विचारलं.

"काकाने शिकवलं. काका म्हणतो, हात शिवशिवायला लागले की आधी ते खिशात घालायचे."

मी हसलो. पण तिथून पुढे प्रत्येक झाडापाशी हा काका, म्हणजे तुझा नवरा, उभा. दुपारी एका फांदीशी ती अडली, तर लगेच फोन, "अरे काका, तू म्हणाला होतास ना..." मला ती 'अहो बाबा' म्हणते. त्यांना 'अरे'. मी कात्री पुसत बसलो. ती स्वच्छच होती.

रविवारी मी सगळ्यात उंच झाडाला हात घातला. ती मागून म्हणाली, "थांबा बाबा, काका म्हणतो..."

"झाडं माझी आहेत! तुझ्या काकाची नाहीत!" मी ओरडलो, आणि मधला शेंडाच छाटून टाकला.

 तिने पुढे होऊन कापाच्या खालची एक कोवळी फांदी हेरली, गुडघे टेकून शेजारी उंच काठी रोवली आणि फांदी काठीला उभी बांधली. बोटं गारठून लाल झाली होती.

"ही होईल शेंडा," ती म्हणाली. मग गाठ मारता मारता, "काकाला तरी कुठे येत होतं, बाबा? तुमची झाडं छाटायची म्हणून मी त्याच्या मागे लागले. तो मित्राच्या बागेत जाऊन शिकून आला आणि मग मला शिकवलं. म्हणाला, माझं नाव काढू नकोस, बाबांना वाईट वाटेल. पण मला तुमच्याशी खोटं बोलायचं नव्हतं."

माणूस वाईट असता, तर माझी केवढी सोय झाली असती!

"चुकलो," मी म्हणालो.

"झाडाला सांगा," ती म्हणाली, आणि नाक पुसून हसली.

बसस्टॉपवर तिने खरा विषय काढला. तिच्या पदवीदानाला घरची दोनच माणसं आत घेतात. "काका म्हणतो, आई-बाबा जाऊ देत. मी बाहेर गाडीत बसतो." मी नुसतं "बघतो" म्हणालो. तेवढ्यात बस आली.

एखाद्या थोर बापाने म्हटलं असतं, त्यांनाच आत जाऊ दे. तापात तिच्या उशाशी ते बसले, सायकलमागे ते धावले, आणि मी सगळं फोनवर ऐकलं. हे मला कळतं गं. कळूनही जळतो. त्यांनी जागा सोडली, याचीसुद्धा जळजळ होते, कारण मी सोडली नसती. आणि सोडणारही नाही. मी येतोय.

फक्त त्यांना गाडीत बसवू नकोस. दाराशीच उभं राहू दे. ठकी बाहेर आली की आधी कुणाच्या गळ्यात पडते, ते मी बघेन. बघवेल असं नाही. पण बघेन.

तिचा बाबा