खिडकीच्या काचेवरचे जहाज

मी, खाली सही करणारी, एका खलाशाची विधवा आणि एका मुलाची आई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. कोणाची जबरदस्ती नाही. करायला घरात कोणी उरलेलेही नाही.

१. हे दोन खोल्यांचे घर माझ्यामागे मुलाला मिळावे. कलम चारमधली अट आधी वाचावी, मग रंगाऱ्याला बोलवावे.

२. शिवणयंत्र सुनेला. तिला शिवता येत नाही, पण तिने ते आढेवेढे न घेता मागितले, हे मला आवडले.

३. यजमानांनी काढलेली जहाजांची चित्रे ट्रंकेत आहेत, तीही सुनेला. हे कुठे शिकले नव्हते. बोटीवर रंगकाम करता करता हात बसला. लाटा मात्र शेवटपर्यंत जमल्या नाहीत, कौलांसारख्या दिसतात. धाकट्या दिरांनी एकदा त्या बॉलपेनने सुधारल्या. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. ते बॉलपेन कपाटात आहे, दिरांना तेवढे द्यावे.

मी यांना एकदा विचारले होते, "अहो, तुम्ही तर बोटीवर. मग बाहेरून दिसणारी बोट काढता कुठून?"

"तू स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असतेस ना, तिथून. डावीकडे तोंड असलं की समज, घरी येतोय."

ट्रंकेतल्या सगळ्या जहाजांची तोंडे डावीकडे आहेत.

४. हे डेकवरून समुद्रात पडले, सापडले नाहीत. कंपनीच्या माणसाने यांची सामानाची पेटी आणून दिली. आत शेवटचे चित्र होते. जहाजाचे तोंड उजवीकडे. मला रडू आले नाही. मी त्या माणसाला चहा दिला आणि कप विसळला. रडू अजूनही आलेले नाही.

कागद पातळ होता. चित्राची बाजू रस्त्याकडे करून मी तो त्याच खिडकीच्या काचेला चिकटवला. उजेडात आतून पाहिले की जहाज डावीकडे येते. बोटीचे नाव उलटे दिसते, दिसू दे. रस्त्यावरच्यांना ते जाताना दिसते, त्याला इलाज नाही.

मुलगा दर वेळी म्हणतो, "आई, चित्र उलटं लागलंय. सरळ करून फ्रेम करू का?" मी कारण कधी सांगितले नाही. आता सांगितले.

बाळा, घर तुझे. तो कागद तेवढा सरळ करू नकोस. सरळ केलास की ते निघतील.

वरचे सगळे पुन्हा वाचले. खोडायचे काही नाही.

साक्षीदार:
१. शेजारच्या डॉक्टरीणबाई
२. खालच्या मजल्यावरचा काचवाला (त्याला कलम चार वाचून दाखवले; हसला नाही)

सही: खलाशाची बायको
ठिकाण: स्वयंपाकघर, खिडकीपाशी
तारीख: १४ मार्च