चुन्यातली नीळ

तात्या, बारामतीच्या ज्या दुकानदाराला तुम्ही लबाड म्हणालात, तो लबाड नव्हता.

साखर कारखान्यातून निवृत्त झालात त्या वर्षी तुम्हाला भिंतीवर चित्र पाडणारा प्रोजेक्टर हवा होता. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट बघायला आळीतली माणसं येत आणि टीव्हीपुढे मावत नसत, एवढंच कारण. मी नुकतीच इंदापूरच्या कॉलेजात शिकवायला लागले होते, म्हणून काटेवाडीहून निघताना मला बरोबर घेतलंत. दुकानदारानं पांढरा पडदा सोडून दोन यंत्रं लावून दाखवली. नव्याचं चित्र लख्ख, साडीच्या काठावरची वेलबुट्टीसुद्धा दिसावी असं. दुसरं कुठल्याशा ऑफिसात वापरलेलं, निम्म्या किमतीचं, उजेडाला जरा मंद. तुम्ही चष्मा पुसून पुसून दोन्हींकडे बघत होतात.

"एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्या, तात्या," मी म्हणाले.

"ह्यात बी माणसं वळखू येत्यात की. काठ बघायला दुप्पट पैसं कशाला? लग्नात तरी कुणी बघितला व्हता?"

दुकानदार हसला. "तात्या, समदी गिऱ्हाइकं तुमच्यावानी आली तर नवा माल मलाच घरी न्यावा लागंल."

तुम्ही वापरलेलं घेतलंत. मला पटलं नव्हतं, आणि आपलं ऐकलं नाही याचा रागही होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही अंगणाकडच्या भिंतीला स्वतः चुना दिलात. पांढरीशुभ्र दिसावी म्हणून त्यात नेहमीच्या दुप्पट नीळ घातलीत. दिवेलागणीला आळी जमली, कॅसेट सुरू झाली आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "आगं बया, नवरी अशी काकडल्यावानी का दिसतीया? मांडवात पंखं लई लावलं व्हतं का काय?" सगळे हसले. नवरीच काय, भटजीसुद्धा निळसर दिसत होते. तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणाले, "स्वस्तातलं घेतलं की असंच दिसायचं."

 सकाळी यंत्र पोत्यात गुंडाळून एसटीनं बारामतीला नेलंत. तो बिचारा सांगत राहिला, "आवो, तुमीच पडद्यावर बघितलं व्हतं न्हवं?" आणि कधी आवाज न चढवणारे तुम्ही त्याला लबाड म्हणालात. त्यानंतर घरात प्रोजेक्टर आला नाही. कडब्याची कुट्टी करायचं यंत्र घ्यायचं असो की साधा पंखा, तुम्ही दुकानात माझ्याकडे बघायचात. "तूच सांग बाई. मला काय त्यातलं कळत न्हाय." शंभर बैलांतून एक निवडणारा माणूस असं म्हणत होता.

पुढच्या वर्षी कॉलेजचा स्लाइड प्रोजेक्टर तपासायला मी घरी आणला आणि त्याच भिंतीवर लावला. चित्र तसंच निळसर. सहज म्हणून पुढं पांढरी चादर धरली, तर रंग जिथले तिथे. दोष यंत्रात नव्हता, किमतीत नव्हता. नीळ उन्हात भिंतीला उजळवते, चित्राला मात्र आपला रंग देते. तुमची नजर बरोबर होती. तुम्ही तेव्हा मागं गोठ्यात होता, हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर. मी चादरीची घडी घातली.

त्यानंतर तुम्ही तीन वर्षं होतात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, असं मी वहीत बरेचदा लिहिलं आणि दर वेळी खोडलं. हे पत्रही त्याच वहीत राहील. खरं एवढंच, तात्या, की तुम्ही मला विचारून वस्तू घेत होता, आणि ते मला आवडायला लागलं होतं.